जुन्या टू-सीटरमध्ये नवे स्पीकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे नाशिकात सॅन स्टॉर्म ही उघडणाऱ्या छताची टू-सीटर गाडी आहे. तिच्या दारांतले स्पीकर मी आतापर्यंत तीनदा बदललेत, त्यात दोनदा तोंडावर आपटलोय. हे कळल्यापासून एमजी, हेराल्ड, कॉन्टेसा अशा जुन्या गाड्या बाळगणारे लोक फोटोसकट प्रश्न पाठवतात, आणि बहुतेकदा तेच तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. माझी गाडी स्पोर्ट्स कार नाही, साधी पद्मिनी आहे. मी हे वाचू का?

वाचा. पातळ पत्रा, अरुंद दारं, जुनं वायरिंग आणि बेताचं चार्जिंग हे चार त्रास सगळ्याच जुन्या गाड्यांना आहेत. टू-सीटरला जागा आणखी कमी आणि छत कापडाचं, एवढाच फरक. प्रश्न ८ आणि ९ सोडून दिलेत तरी चालेल.

२. स्पीकर खरंच गेलेत की नुसते जुने झालेत, हे कसं ओळखायचं?

स्पीकर बाहेर काढा, चार बोटं कोनावर (स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्यावर) सारख्या अंतरावर ठेवा आणि हलकेच आत दाबा. आत खरखर जाणवली तर कॉईल (कोनामागचं तारेचं वेटोळं) घासतेय. मग मल्टिमीटर लावा. ४ ओमचा चांगला स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ ओम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉईल तुटली.

कोनाच्या कडेची फोमची रिंग बोट लावताच भुगा होऊन पडली तर घाबरू नका, फोमचं ते होतंच. कॉईल ठीक असेल तर फक्त रिंग बदलून मिळते, आणि मूळ स्पीकर जपायचा असेल त्याने तेच करावं. कोन चांगला, कॉईल चांगली, तरी आवाज दबका येत असेल तर स्पीकरला दोष देण्याआधी प्रश्न ७ वाचा.

३. किती वॅटचे स्पीकर घेऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वॅटचा आकडा म्हणजे स्पीकर किती सहन करेल याचा, तोही फुगवलेला, अंदाज. तो किती जोरात वाजेल हे त्यावरून कळत नाही.

बघायचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. ८६ डेसिबलचा स्पीकर जेवढा आवाज २० वॅटवर काढेल, तेवढा ९२ डेसिबलवाला ५ वॅटवर काढतो. ज्या गाडीचा डायनॅमो (इंजिनावर वीज बनवणारं यंत्र) आधीच धापा टाकतोय (प्रश्न १२), तिथे ही फुकटची मिळकत आहे. माझा नियम असा: ९० च्या खालचा स्पीकर जुन्या गाडीत नको, मग कंपनी कितीही नावाजलेली असो. कशावर मोजलंय तेही वाचा. काही कंपन्या १ वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजतात. ४ ओमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे आकडा ३ डेसिबलने चढलेला दिसतो.

४. डेकवर (गाडीतल्या म्युझिक सिस्टीमवर) “५० वॅट गुणिले ४” लिहिलंय. मग वेगळा अॅम्प (अॅम्प्लिफायर) कशाला?

कारण ते ५० वॅट प्रत्यक्षात मिळत नाहीत. डेकमधल्या अॅम्पला बॅटरीचेच १४.४ व्होल्ट मिळतात. १४.४ चा वर्ग भागिले ४ ओम म्हणजे सुमारे ५२, आणि खोक्यावरचे ५० तिथून येतात. हा हिशोब चौकोनी, पूर्ण फाटलेल्या लाटेचा आहे. स्वच्छ लाटेला त्याच्या निम्मे, म्हणजे फार तर २६ वॅट, आणि आतलं नुकसान वजा जाता हातात १८ ते २० उरतात.

बंद काचांच्या गाडीत तेवढे पुरतात. टप (कापडी छत) उघडून त्र्यंबक रोडला ऐंशीने निघालात की पुरत नाहीत. डेक पूर्ण पिळला की आवाज फाटतो आणि त्या फाटलेल्या आवाजानेच ट्वीटर (बारीक सुरांचे छोटे स्पीकर) जळतात. छोटा क्लास-डी (कमी वीज खाणाऱ्या प्रकारचा) अॅम्प, चॅनलला ४०-५० खरे वॅट देणारा, सीटखाली मावतो. त्याहून मोठा लागत नाही.

५. माझ्या दारात कोणत्या साइजचा बसेल?

इंचांच्या आधी खोली मोजा. भोक साडेसहा इंचाचं असलं तरी मागे काच उतरते, आणि मॅग्नेट काचेला भिडला की सगळी मेहनत वाया. काच पूर्ण खाली घेऊन पट्टीने मोजता येतं, पण जुन्या दारांमध्ये काच सरळ उतरत नाही, मध्येच तिरकी होते. त्यासाठी आमच्या घरातली युक्ती: पोळीची घट्ट कणीक घ्या, लिंबाएवढा गोळा करून मॅग्नेटच्या पाठीवर चिकटवा, स्पीकर जागेवर धरा आणि काच पूर्ण खाली-वर करा. बाहेर काढून बघा. गोळा चेपला असेल तर जेवढी कणीक उरली तेवढीच जागा आहे. गोळा तसाच गोल असेल तर निर्धास्त बसवा. आमच्या स्टॉर्मच्या डाव्या दारात गोळ्याची चक्क पोळी झाली होती, उजव्या दारात काहीच नाही. दोन्ही दारं सारखी असतात हा समज तेव्हा गेला.

दोन-पाच मिलिमीटर कमी पडत असतील तर स्पीकरखाली रिंग घालून तो बाहेर काढता येतो. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या जॉबवर्क करणाऱ्याकडे पुठ्ठ्याचा नमुना दिलात की प्लाय किंवा एचडीपीईची (कडक प्लास्टिकची) रिंग कापून मिळते. एमडीएफ नको, पहिल्या पावसात बिस्किटासारखा फुगतो.

६. मला दाराला भोक पाडायचंच नाही. काय पर्याय आहे?

उत्तम. मी सुद्धा हेच सांगतो: मूळ पत्रा आणि मूळ डोअर पॅड यांना करवत लावू नका. आज कापलेलं पुढच्या पन्नास वर्षांत कोणी भरून देणार नाही.

पहिला पर्याय पायांच्या बाजूचे पॅनेल. तिथला मूळ पुठ्ठा काढून ठेवा, तसाच नवा कापा आणि त्यात सव्वापाच इंची बसवा. ड्रायव्हरच्या कानापासून दोन्ही स्पीकरचं अंतर तिथे बरंचसं सारखं राहतं, त्यामुळे गाणारा समोर उभा असल्यासारखा वाटतो. क्लचच्या पायाला अडचण होतेय का ते आधी बघा, आणि एमजीत तर बूट घालून बघा.

दुसरा, सीटमागची जागा. तिथे बंद पेटी करून दोन स्पीकर किंवा आठ इंची सबवूफर (फक्त खोल बासचा स्पीकर) ठेवता येतो. जुन्या एमजीबीत सीटमागेच बॅटऱ्या असायच्या, म्हणून पेटी चटकन उचलता येईल अशीच करा. कॉन्टेसावाल्यांना मागे ऐसपैस पार्सल शेल्फ आहे, तिथे सहा बाय नऊ इंची अंडाकृती सुखाने बसतात. आणि कापायचंच असेल तर नवीन डोअर पॅड शिवून घ्या, भोक त्याला पाडा, मूळ पॅड जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा.

७. महागडे स्पीकर लावले तरी बास येत नाही. दुकानदार म्हणतो सबवूफर घ्या. घेऊ का?

थांबा. आधी अर्धा तास खर्च करा, पैसे नाही.

पहिलं, फेज. दोन स्पीकरपैकी एकाच्या वायरी उलट्या लागल्या असतील तर एक बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि बास हवेतच मरतो. पेन्सिल सेल घ्या, त्याचे प्लस-मायनस स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा. दोन्ही दारांचे कोन एकाच दिशेला उडाले पाहिजेत. मला आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटल्या.

दुसरं, गळती. स्पीकर जेवढा आवाज पुढे फेकतो तेवढाच मागेही फेकतो, आणि तो उलटा असतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. त्यातून मागचा आवाज पुढे येतो आणि पुढच्याला खाऊन टाकतो. खात्री करायची असेल तर गाणं चालू ठेवून मोठ्या भोकावर जाड पुठ्ठा दाबून धरा. आवाज भरदार झाला तर रोग सापडला. भोकं अॅल्युमिनियमची पातळ शीट स्क्रूने लावून बंद करा, वरून ब्यूटिल (पत्र्याची थरथर शोषणारी चिकट रबरी) शीट चिकटवा. बाहेरच्या पत्र्याला आतून हात पोचेल तिथे ब्यूटिलचे तळहाताएवढे तुकडे लावा. दार बंद केल्यावर डब्यासारखं खणखणायचं ते धप्पकन लागायला लागेल. पूर्ण दार मढवायची गरज नाही, वजनाने बिजागरं लोंबतात.

दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती मात्र बंद करू नका. ती बुजली की दार आतून सडतं, आणि ते तुम्हाला पत्रा फुगल्यावरच कळतं.

एवढं करूनही कमी वाटलं तर सबवूफर घ्या.

८. टप बंद असताना छान वाजतं, उघडली की काहीच ऐकू येत नाही. असं का?

वाऱ्याचा आणि टायरचा आवाज खालच्या पट्टीत जास्त असतो, तो तुमच्या बासवर बसतो. शिवाय छतावर आपटून परत येणारा आवाज उघड्या गाडीत आकाशात जातो. दाराच्या तळातले स्पीकर मांड्यांना गाणं ऐकवतात, कानाला नाही.

आवाज सर्वत्र वाढवून उपयोग नाही. दुप्पट मोठा भासायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्याऐवजी अॅम्पमधला हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) ८० ते १०० हर्ट्झवर लावा. छोट्या स्पीकरवरचं खोल बासचं ओझं उतरतं आणि तोच स्पीकर न फाटता बराच मोठा वाजतो. ट्वीटर डॅशच्या कोपऱ्यात किंवा आरशाच्या तिकोनात, कानाकडे तोंड करून. मधल्या पट्टीला थोडा उठाव द्या, म्हणजे बोल स्पष्ट होतात. मी दोन सेटिंग जतन करून ठेवलीत, एक टप बंदचं आणि एक उघडीचं. उघडीचं सेटिंग गंगापूर धरणाच्या रस्त्यावर गाडी चालती ठेवून, शेजारी बसलेल्या भावाकडून बटणं दाबून घेत केलं. उभ्या गाडीत लावलेलं सेटिंग साठच्या वेगाला टिकत नाही.

९. माझी गाडी फायबर बॉडीची आहे. काही वेगळं करावं लागतं का?

हो, आणि इथेच मी पहिल्यांदा फसलो. सॅन स्टॉर्म गोव्यात बनायची, फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटर इंजिन. पत्र्याच्या गाडीत मायनसची वायर जवळच्या कुठल्याही बोल्टला लावली की काम झालं. फायबरमधून वीज जात नाही. मी डेकचा मायनस डॅशमागच्या एका स्क्रूला दिला. दिवा लागला, गाणं वाजलं, पण हेडलाइट लावले की आवाज दबायचा आणि इंडिकेटरबरोबर टिक-टिक यायची. तो स्क्रू एका जुन्या बारीक वायरीमार्फत चासीला पोचत होता आणि डेकचा सगळा करंट त्या केसाएवढ्या वायरीतून परतत होता. नशीब ती जळली नाही.

फायबर गाडीत बॅटरीच्या मायनसवरून स्वतंत्र जाड वायर आत आणा, एक पितळी पट्टी लावा आणि डेक, अॅम्प सगळ्यांचे मायनस तिथेच जोडा. फायबरला स्पीकर थेट स्क्रूने आवळू नका, कालांतराने भोक मोठं होऊन तडा जातो. मागून रिंग, मोठे वॉशर आणि नट-बोल्ट.

१०. माझ्या एमजीत बॅटरीचा प्लस बॉडीला आहे. नवा डेक चालेल का?

थेट लावलात तर डेकची बॉडी गाडीला टेकताच शॉर्ट होईल. १९६७ पर्यंतच्या एमजीबी अशाच, पॉझिटिव्ह अर्थच्या.

एक रस्ता गाडी निगेटिव्ह अर्थ करून घेण्याचा. बॅटरीची टोकं उलटायची, इग्निशन कॉईलच्या वायरी अदलाबदल करायच्या आणि डायनॅमोला पुन्हा पोलॅरिटी द्यायची, म्हणजे एफ टर्मिनलची वायर काढून त्या टर्मिनलला बॅटरीच्या लाइव्हचा क्षणभर स्पर्श. इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर आतून बदलावा लागतो, नाहीतर तो जातो. हे जाणत्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडूनच करा आणि बॉनेटखाली ठळक अक्षरात लिहून चिकटवा, पुढचा मेकॅनिक तुम्हाला दुवा देईल.

दुसरा रस्ता आयसोलेटेड डीसी-टू-डीसी कन्व्हर्टरचा. गाडी मूळ राहते, फक्त ऑडिओला वेगळे १२ व्होल्ट मिळतात. मात्र डेकची बॉडी, अँटेनाची वायर, अॅम्पचं कव्हर यातलं काहीही गाडीच्या पत्र्याला लागता कामा नये. अँटेनाच्या नटामुळे शॉर्ट झालेलं मी पाहिलंय.

११. आणि ६ व्होल्टची गाडी?

६ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, पण १२ व्होल्टला जेवढे अँपिअर तिथे दुप्पट लागतात. अशा गाडीत मी चार्जिंगचा ब्लूटूथ स्पीकर सीटमागे ठेवेन आणि विषय संपवेन.

१२. डायनॅमोला झेपेल का?

हिशोब करू. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांतला लुकास सी-४० डायनॅमो फार तर २२ अँपिअर देतो. रात्री पावसात हेडलाइट ७, बाकी दिवे २, इग्निशन ३ ते ४, वायपर ३. म्हणजे १५-१६ गेले, उरले सहा. चार गुणिले ४० वॅटचा क्लास-डी अॅम्प पूर्ण जोरावर १५ खेचेल, पण गाण्यात सरासरी त्याचा तिसरा हिस्सा, ४-५. जेमतेम बसतं. जुन्या पद्धतीचा क्लास-एबी अॅम्प त्याच आवाजाला दीडपट खातो, तो नको.

डायनॅमो आयडलवर जवळपास काहीच देत नाही, हेही लक्षात ठेवा. मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभे असता तेव्हा गाणं बॅटरीतून वाजतंय.

१३. वायर आणि फ्यूज?

४ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर, थेट बॅटरीवरून, २० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत, अॅम्पजवळ नव्हे. फ्यूज वायर वाचवायला असतो, अॅम्प वाचवायला नाही. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट. स्वस्त वायरीत अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. टोक ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत द्या.

१४. स्पीकरमधून शिट्टी किंवा कडकड येते. काय करू?

दोन वेगळे आजार आहेत. रेस वाढवली की पट्टी चढणारी शिट्टी चार्जिंगची. डेक आणि अॅम्पचे मायनस एकाच जागी आणा, सिग्नलची केबल पॉवरच्या वायरीपासून गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. बहुधा जाते.

इंजिनच्या ठोक्यागणिक कडकड येत असेल तर ती स्पार्कची. रेझिस्टन्सवाल्या प्लग वायरी किंवा सप्रेसर कॅप लावा. कॉईलला सप्रेसर कंडेन्सर लावायचा तर स्विचकडून येणाऱ्या टोकाला. पॉइंटच्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या कॉन्टॅक्टच्या) टोकाला लावलात तर गाडी नीट चालणार नाही.

१५. स्पीकरच्या जुन्या वायरी चांगल्या दिसतात. त्याच वापरू?

नको. कित्येक जुन्या गाड्यांत स्पीकरला एकच वायर येते आणि मायनस बॉडीला दिलेला असतो. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, त्यातली कुठलीही बॉडीला लागली तर आउटपुटचा आयसी जातो. प्रत्येक स्पीकरला दोन वायरी, थेट डेक किंवा अॅम्पपासून.

१६. पावसात स्पीकर खराब होतात का?

इगतपुरी-कसारा बाजूला जुलैत गेलात तर दाराच्या आत पाणी असणारच, काचेची रबरं कितीही नवी असोत. कागदी कोन टाळा, पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि रबरी कड घ्या. डोअर पॅडमागचं प्लास्टिक फाटलं असेल तर नवं लावा, आणि त्याची खालची कड दाराच्या आत खोचा, बाहेर नको. पाणी त्यावरून ओघळून पत्र्याच्या आत पडलं पाहिजे. स्पीकरच्या वायरीला दारात खाली झोळ द्या, म्हणजे थेंब टर्मिनलवर न जाता झोळावरून गळतो.

१७. आरटीओची काही अडचण? गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, ही अट. स्क्रूने बसवलेल्या स्पीकरचा या तिन्हींशी संबंध येत नाही. पत्रा कापलात तर कुणी बोट ठेवायला तुम्हीच जागा करून दिलीत (प्रश्न ६). आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, हे नोंदणीआधीच लक्षात घ्या.

१८. दुकानातून बसवून घेऊ की स्वतः करू?

दार उघडणं, ब्यूटिल, रिंग हे स्वतः करा. दुकानातल्या पोराला आजच्या गाड्यांची क्लिप पॅनेल खेचून काढायची सवय असते. जुन्या पॅडचा पुठ्ठा तसा खेचला की क्लिपसकट फाटतो. एका ठिकाणी माझंही फाटलंय. बॅटरीकडची कामं येत नसतील तर इलेक्ट्रिशियनला द्या, पण शेजारी उभे राहा आणि वायर पिळून टेप गुंडाळू देऊ नका.

१९. डॅशमधला मूळ रेडिओ काढायचा नाही. तरी फोनवरचं गाणं वाजवता येईल?

येईल, आणि मला हीच पद्धत आवडते. ब्लूटूथ रिसीव्हर असलेला छोटा अॅम्प सीटखाली किंवा डॅशमागे लपवा, आवाजाचं बटण अॅशट्रेत बसवा. रेडिओ जागेवर दिसत राहतो. मूळ रेडिओ नुसता मीडियम वेव्हचा असेल तर त्यावर एफएमचं आकाशवाणी नाशिक लागणार नाही. काही कारागीर त्याच डब्यात एफएम-ब्लूटूथचं नवं सर्किट बसवून देतात, बाहेरची बटणं तीच फिरतात. तसं केलंत तर आतलं काढलेलं सर्किट, जुने स्क्रू आणि मूळ स्पीकर एका पिशवीत घाला, गाडीचा नंबर आणि तारीख लिहा, आणि घरच्यांना सांगून ठेवा. नाहीतर दिवाळीच्या आवराआवरीत ती पिशवी भंगारात जाते. आमची गेली.